मॉर्फिनच्या गोळ्यांसाठी कागद कोणाचे लागतात: रुग्णाचे, डॉक्टरांचे की दवाखान्याचे?

माझ्या मावसभावाला केमिस्टच्या काउंटरवर एक वाक्य ऐकावं लागलं, "याचं लायसन्स आणा, मग बोलू." हातात कॅन्सरतज्ज्ञांची चिठ्ठी होती. मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं तीव्र वेदनेवरचं औषध, १० मिलिग्रॅम, दर चार तासांनी एक, झोपताना दोन, आणि सोबत बद्धकोष्ठतेचं औषध. घरी मावशी कूस बदलता येत नाही म्हणून रात्रभर जागी. आणि हा बिचारा दुसऱ्या दिवशी खरंच चौकशी करत फिरला की रुग्णाला लायसन्स कुठे मिळतं.

ते कुठेच मिळत नाही, कारण तसं काही नसतंच. या विषयातला निम्मा मनस्ताप या एका गैरसमजातून येतो. मान्यता लागते ती औषध साठवून देणाऱ्या संस्थेला. रुग्णाला लागते फक्त डॉक्टरांची रीतसर चिठ्ठी.

नियम काय आहे

१९८५ साली एनडीपीएस कायदा आला, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. रोख तस्करीवर होता, पण फटका दवाखान्यांनाही बसला. राज्याराज्यांचे नियम वेगळे, एकाच बाटलीसाठी चार-पाच परवाने, ते दोन-तीन खात्यांकडून घ्यायचे, आणि एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात पडायचा नाही. रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला. गंमत अशी की ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, त्याच देशातला कॅन्सरचा रुग्ण गोळीसाठी दारोदार हिंडत होता.

केरळमधले वेदनाशमनाचं काम करणारे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. 'अत्यावश्यक अमली औषधं' असा नवा वर्ग तयार झाला आणि त्यांचे नियम राज्यांकडून केंद्राकडे गेले. मे २०१५ मध्ये या वर्गात सहा औषधं अधिसूचित झाली: मॉर्फिन, फेन्टानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन आणि कोडीन. या सहांसाठी आता एकच खिडकी आहे, ती म्हणजे राज्याचे औषध नियंत्रक. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहतं.

ट्रॅमाडॉल हे दुसरं वेदनाशामक या यादीत नाही. ते चिठ्ठीवर साध्या केमिस्टकडे मिळतं, मात्र ते शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे जास्त काटेकोर नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत असल्याने केमिस्टला तुमचं नाव, डॉक्टरांचं नाव-पत्ता आणि दिलेली संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. त्याने वही काढली म्हणून चपापू नका.

रुग्णाची पात्रता

डॉक्टरांना गरज वाटली की रुग्ण पात्र. कॅन्सरच हवा, शेवटचा टप्पाच हवा, उत्पन्नाचा दाखला हवा, असली कोणतीही अट नियमांत नाही. "मॉर्फिन म्हणजे आता काही दिवसांचेच" ही समजूत तर डोक्यातून काढूनच टाका. मॉर्फिन आयुष्याच्या हिशेबाने देत नाहीत, वेदनेच्या हिशेबाने देतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांची जी शिडी आखून दिली, तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. मधली पायरी पुरली नाही की वर चढायचं.

जायचं कुठे, तर 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' असलेल्या ठिकाणी. डॉक्टर मंडळी तिला आरएमआय म्हणतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांची, स्वतंत्र ओपीडीच असते. केमिस्टलाही अशी औषधं विकण्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि बहुतेक जण त्या भानगडीत पडत नाहीत. त्यामुळे दहा दुकानं पालथी घालण्यापेक्षा चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनाच तिथल्या तिथे विचारा, "हे आरएमआयमधून घ्यायचं ना? कोणत्या?" आम्ही हे विचारलं नाही आणि मावशीचे तीन दिवस गेले.

सोबत काय न्यायचं

नियमांत रुग्णासाठी कागदपत्रांची यादी नाही. प्रत्येक संस्थेची आपली पद्धत असते. तरी अनुभवाने सांगते, एका फाईलमध्ये हे असलं की परत फिरावं लागत नाही: निदानाचा कागद (बायॉप्सीचा रिपोर्ट किंवा डिस्चार्ज कार्ड), आत्तापर्यंतच्या वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या, ताजे रक्ताचे रिपोर्ट आणि रुग्णाचं फोटो असलेलं ओळखपत्र. रक्ताच्या रिपोर्टमध्ये किडनीचा आकडा डॉक्टर हमखास बघतात, कारण किडनी अधू असेल तर मॉर्फिनचा डोस बदलावा लागतो किंवा औषधच बदलावं लागतं. आधार कार्डच हवं, असं या औषधांच्या नियमांत कुठेही म्हटलेलं नाही.

रुग्णाला हलवता येत नसेल तर नातेवाईक जातात. त्यांनी स्वतःचं ओळखपत्र आणि रुग्णाचा केसपेपर न्यायचा, शिवाय एक छोटी वही न्यायची. वहीत कोणत्या वेळी गोळी दिली, दुखणं दहापैकी किती होतं, मध्येच जास्तीची गोळी लागली का, शौचाला झाली का, एवढं लिहिलेलं असावं. मावशीची वही म्हणजे जुन्या डायरीची मागची पानं होती. "रात्री २, दुखणं ७, गोळी. ३ वाजता झोपली." त्या दोन ओळींवरून डॉक्टरांनी रात्रीचा डोस ठरवला. रिकाम्या स्ट्रिपही फेकू नका, पुढच्या वेळी त्या दाखवल्या की हिशेबाचा प्रश्न मिटतो.

चिठ्ठी हातात पडली की काउंटर सोडायच्या आधी वाचा. रुग्णाचं पूर्ण नाव व पत्ता, तारीख, औषधाचं नाव, ताकद, एकूण गोळ्या, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक, हे सगळं आहे ना पाहा. एकूण गोळ्यांचा आकडा राहून जातो, आणि मग फार्मासिस्ट परत पाठवतो. त्यात त्याची चूक नसते.

स्वतःच्या वापरासाठी रीतसर दिलेलं औषध जवळ बाळगणं हा गुन्हा नाही, तसं नियमांतच लिहिलेलं आहे. प्रवासात मूळ स्ट्रिप, चिठ्ठी आणि बिल एकाच पाकिटात ठेवा. गोळ्या डबीत काढून नेऊ नका. औषध उरलं तर ते संस्थेला परत करा. शेजारच्या काकांची पाठ दुखते म्हणून त्यांना देऊ नका.

गावातल्या दवाखान्याला मान्यता हवी असेल तर

हा भाग डॉक्टरांसाठी आणि हॉस्पिटल चालवणाऱ्या ट्रस्टींसाठी. अर्ज नमुना ३-एफ मध्ये औषध नियंत्रकांकडे करायचा. संस्थेचं नाव-पत्ता, प्रमुख कोण, डॉक्टर-नर्स किती, मागच्या वर्षी किती रुग्ण पाहिले आणि ही औषधं कोण लिहिणार, एवढीच मुख्य माहिती मागितलेली आहे. हे काम फक्त मोठ्या रुग्णालयांचं, असं अजिबात नाही.

खरी अट डॉक्टरांची आहे. नोंदणीकृत डॉक्टर हवा, आणि त्याचं वेदनाशमन व पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण झालेलं हवं. व्यसनमुक्तीसाठी ही औषधं द्यायची असतील तर त्या उपचाराचं प्रशिक्षण लागतं. असे एकापेक्षा जास्त डॉक्टर असतील तर त्यांतल्या एकाचं नाव मुख्य जबाबदार म्हणून द्यायचं. अर्ज अडतो तो बहुतेकदा इथेच, कारण प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडलेलं नसतं.

मान्यता मिळाली की पुढे कारकुनी शिस्त लागते. येत्या वर्षात किती औषध लागेल याचा अंदाज ३० नोव्हेंबरपर्यंत कळवायचा, आलेल्या-गेलेल्या प्रत्येक गोळीची नोंद ठेवायची, आणि ती रजिस्टरं शेवटच्या नोंदीपासून दोन वर्षं जपायची. अंदाज भीतभीत कमी लावू नका. तसं केलं की वर्ष संपायच्या आत साठा संपतो आणि रुग्णाला पुन्हा शहराची एसटी धरावी लागते.

तुमचं नाव कोणाकोणाला कळतं

मावशीला दुखण्याइतकीच एक काळजी होती, "सोसायटीत कळेल का गं, मी अफूचं औषध घेते म्हणून?" प्रश्न रास्त आहे. रजिस्टरमध्ये नाव जातं, हे खरं. ते रजिस्टर तपासायचा अधिकार औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांना असतो. सोसायटी, मालक, दूरचे नातेवाईक यांना तो नाही. विमा कंपनीचं मात्र वेगळं आहे. क्लेमच्या फॉर्मवर सही करताना कागद पाहण्याची संमती आपणच देतो, म्हणून तो फॉर्म वाचून सही करा.

डॉक्टरांवर बंधन आहे ते २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचं. रुग्णाची गुपितं उघड करायची नाहीत. अपवाद मोजके: न्यायाधीशांचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर व ठोस धोका, आणि कळवणं सक्तीचं असलेले आजार. त्याच आचारसंहितेप्रमाणे तुम्ही किंवा तुम्ही अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. तोंडी मागितलेल्या कागदांना "उद्या या" हे एकच उत्तर असतं.

आणि डॉक्टर स्वतः आजारी असेल तर? तोही तेव्हा रुग्णच. सर्वोच्च न्यायालयात १९९८ मध्ये 'मिस्टर एक्स' म्हणून जे प्रकरण गाजलं, त्यातला एक्स स्वतः डॉक्टर होता. रक्तदानाच्या वेळी झालेल्या तपासणीतून त्याची एचआयव्हीची माहिती बाहेर गेली आणि ठरलेलं लग्न मोडलं. न्यायालयाने तेव्हा गोपनीयतेपेक्षा वधूच्या आरोग्याला जास्त वजन दिलं. पुढे २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१९ मध्ये माहिती अधिकाराच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय नोंदी, उपचार आणि औषधांची निवडदेखील वैयक्तिक माहितीत मोजली. त्यामुळे सरकारी डॉक्टरांच्या आजारपणाच्या फाईली मागवणाऱ्या अर्जांना आता सहसा नकारच मिळतो, आणि माझ्या मते तो योग्य आहे. त्यांनी चिठ्ठी का नाकारली हे विचारायचा हक्क आपल्याला आहे, त्यांना कुठला आजार आहे हे विचारायचा नाही.

माहिती अधिकाराचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. तुमच्या जिल्ह्यात मान्यताप्राप्त संस्था किती आणि कोणत्या, हे कोणी सांगत नसेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. माहिती जीविताशी संबंधित असेल तर कायद्याने हीच मुदत ४८ तासांवर येते, तेव्हा अर्जाच्या पहिल्याच ओळीत रुग्णाची अवस्था आणि "कलम ७(१) प्रमाणे ४८ तासांत" असं स्पष्ट लिहा. रुग्णाचं नाव लिहायची गरज नाही, "माझ्या घरातील रुग्ण" एवढं पुरतं.