मेस्सीचं इंजेक्शन आणि मिसरूड फुटलेला मुलगा

"मेस्सीला उंचीसाठी दिलं होतं ते इंजेक्शन आमच्या पोराला मिळेल का हो?" सोसायटीतल्या एका काकांनी लिफ्टमध्ये विचारलं. पोरगा अठराचा, रोज दाढी करतो. मेस्सीचे उपचार सुरू झाले ते तो जेमतेम दहा-अकरा वर्षांचा असताना. शिवाय त्याच्या शरीरात वृद्धी संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हॉर्मोन, खरोखरच कमी पडत होतं. व्हॉट्सॲपवर एवढा तपशील येत नाही.

उंची वाढताना हाड रबरासारखं ताणलं जात नाही, त्यामुळे बारला लोंबकळून काही होत नाही. लांब हाडांच्या टोकाजवळ कूर्चेची पातळ चकती असते, ग्रोथ प्लेट. तिच्यातल्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या रचलेल्या. एका टोकाच्या विभागत राहतात, दुसऱ्या टोकाच्या टम्म फुगतात आणि मागे हाड भरत जातं. गाढ झोपेत मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून सुटणारं वृद्धी संप्रेरक या चळतीला रेटा देतं. काही थेट, काही यकृतात आणि खुद्द चकतीत बनणाऱ्या आयजीएफ-१ नावाच्या दुसऱ्या संप्रेरकामार्फत.

पण ही चकती मिटवतं कोण? मुलींमध्ये इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक. आणि मुलग्यांमध्येही इस्ट्रोजेनच! ॲरोमॅटेझ नावाचं विकर (एन्झाइम) ते टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून बनवतं. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. जनुकीय दोषामुळे त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा निरोप वाचताच येत नव्हता. उंची २०४ सेंटिमीटर, हाडं मात्र १५ वर्षांच्या मुलासारखी, आणि गडी अजून वाढतोच आहे! टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं, तरी चकत्या उघड्याच.

म्हणून डॉक्टर आधी डाव्या पंजाचा एक्स-रे काढतात. हाडांच्या टोकांशी काळसर रेघा दिसल्या तर चकत्या शाबूत. रक्ताची एकच तपासणी मात्र फसवते, कारण वृद्धी संप्रेरक झटक्याझटक्याने सुटतं. ते सुटायला लावणारी क्लोनिडिनसारखी गोळी देऊन ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा रक्त घ्यावं लागतं. औषध म्हणून द्यायचं हे संप्रेरक पूर्वी मृतांच्या पीयूषिकेतून काढत. त्यातून मेंदूचा जीवघेणा आजार पसरल्याचं १९८५ मध्ये उघड झालं आणि जिवाणूंकडून बनवून घेतलेलं संप्रेरक आलं.

काकांच्या मुलाच्या एक्स-रेत एकही रेघ नव्हती. तरी घरात 'हाइट वाढवा' पावडरचा तिसरा डबा आलाय. त्याच मजल्यावरच्या आठ वर्षांच्या मुलाची शाळेची पँट मात्र दोन वर्षं तोकडी झालेली नाही, आणि त्याची आई म्हणते, कापड चांगलं निघालं. या वयात वर्षाला चार सेंटिमीटरही वाढ नसेल तर बालसंप्रेरकतज्ज्ञाकडे जायचं असतं. पुढच्या वेळी लिफ्टमध्ये मीच विषय काढणार आहे.