पूर्व लंडनमधील सुईणकाम (युद्धोत्तर काळ)

दुसऱ्या महायुद्धानंतरची दोन-अडीच दशके लंडनच्या गोदी भागात, म्हणजे पॉपलर, स्टेपनी, आयल ऑफ डॉग्ज या वस्त्यांत, सुईणी घरोघर जाऊन बाळंतपणे करीत. सुईण म्हटले की आपल्यासमोर अनुभवावर शिकलेली गावातली म्हातारी येते. ही सुईण परीक्षा दिलेली, सरकारदरबारी नाव नोंदवलेली आणि पगारी होती.

इंग्लंड व वेल्समध्ये ही नोंदणी १९०२ च्या कायद्याने सुरू झाली. त्याआधी गरिबाघरी गल्लीतली एखादी जाणती बाईच बाळंतपण करी आणि मयताला अखेरची आंघोळही बहुधा तीच घाली. १९३६ च्या कायद्याने पगारी सुईणी पुरवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि अडलेल्या बाईसाठी डॉक्टर बोलवायचा तर पैसे कुठून आणायचे, ही धास्ती संपली. पॉपलरमध्ये सेंट जॉन द डिव्हाइन या अँग्लिकन धर्मभगिनींच्या संघानेही (स्थापना १८४८) हे काम केले.

वस्ती बॉम्बहल्ल्यांनी मोडलेली होती. एकेका खोलीत अख्खे कुटुंब, शौचालय अंगणात किंवा सामाईक आणि गरम पाण्याचा नळ अनेक घरांत नाहीच. सुईण सायकलवरून यायची, रात्री-अपरात्री, धुक्यात. तिच्या कामाचा खरा कस लागे तो इथे, कारण निर्जंतुक खोली तिला मिळत नसे, ती तयार करावी लागे. पलंगावर जुनी वर्तमानपत्रे, त्यांवर जाड तपकिरी कागद, शेगडीवर पाण्याची भांडी, थंडी असेल तर पेटती चूल. पाळणा नसेल तर कपाटाचा खण ओढून त्यात बाळाची गादी घालायची. पिनार्ड नावाचे कर्ण्यासारखे लहान नळकांडे आईच्या पोटावर टेकवून, दुसऱ्या टोकाला कान लावून ती बाळाचे ठोके मोजी. खोलीतली सगळी मंडळी तेवढा वेळ गप्प. वार पडल्यावर ती पसरून नीट तपासायची, कारण तिचा तुकडा आत राहिला तर बाळंतीण रक्तस्रावाने किंवा तापाने दगावण्याची भीती असे. त्यानंतरही पहिले काही दिवस दिवसातून दोनदा आणि पुढे रोज, साधारण दोन आठवडे तिच्या खेपा चालत.

कळा सोसवाव्यात म्हणून १९३६ पासून नायट्रस ऑक्साइड वायू आणि हवा यांचे मिश्रण देणारे, मिनिट (Minnitt) नावाच्या डॉक्टरने बनवलेले यंत्र आणि १९५० पासून पेथिडीन हे वेदनाशामक औषध सुईणींना स्वतःच्या अधिकारात वापरता येऊ लागले. पायाळू बाळ, जुळी, अतिरक्तस्राव अशा वेळी डॉक्टर किंवा रक्त घेऊन धावणारे रुग्णालयाचे पथक बोलवायचे. ते येईपर्यंत मात्र सगळे तिच्या हातात असे. १९३४ च्या सुमारास इंग्लंड-वेल्समध्ये दर हजार बाळंतपणांमागे चारांहून अधिक आया मरत. १९५० पर्यंत हा आकडा एकाखाली आला. सल्फा औषधे, पेनिसिलिन आणि रक्तपुरवठा यांचे श्रेय मोठे आहे. तरी अंगावर काढलेला ताप वेळेत ओळखायला रोज दारात येणारे माणूस लागते, हेही त्या श्रेयात मोजले पाहिजे.

पुढे १९५९ च्या क्रॅनब्रुक या सरकारी समितीने ७० टक्के बाळंतपणे रुग्णालयात व्हावीत असे म्हटले आणि १९७० च्या पील समितीने सर्वच बाळंतपणांसाठी रुग्णालयातील खाटांची सोय मागितली. गर्भनिरोधक गोळी १९६१ मध्ये आली, कुटुंबे लहान झाली, गोद्या १९६७ पासून बंद पडू लागल्या. ज्या वस्तीत सुईणीला प्रत्येक जिना पाठ होता, तीच विखुरली. १९९२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या आरोग्य समितीने म्हटले की सर्व बाळंतपणे रुग्णालयात नेण्याचे धोरण सुरक्षिततेच्या कारणाने समर्थनीय ठरत नाही. तोवर इंग्लंडमध्ये घरी जन्मणारे मूल अपवाद झाले होते.