दोराच्या दुसऱ्या टोकाला

मे 2007. एव्हरेस्टवरून उतरताना डॉक्टरांच्या मोहिमेतले चार गिर्यारोहक 8,400 मीटरवर थांबले. स्वतःच्या रक्ताचे नमुने शिखरावरच घ्यायचा बेत होता, पण तिथली थंडी आणि वारा यांनी तो हाणून पाडला. चौघांनी ऑक्सिजनचे मास्क काढले आणि वीस मिनिटं नुसत्या हवेवर श्वास घेतला. मग कपड्यांचे थर उघडून जांघेतल्या रोहिणीत सुई घातली आणि रक्त काढलं. ते नमुने घेऊन एक शेर्पा भराभर 6,400 मीटरवरच्या छावणीत उतरला. तिथे तपासणीचं यंत्र तयार होतं.

समुद्रसपाटीवर निरोगी माणसाच्या या रक्तात ऑक्सिजनचा दाब साधारण 75 ते 100 मिलिमीटर पारा इतका असतो. या चौघांची सरासरी 24.6 भरली. एकाचा आकडा तर 19.1 होता. खाली एखाद्या रुग्णालयात असा आकडा दिसला, तर डॉक्टरांची धावपळ उडेल. हे चौघं मात्र स्वतःच्या पायांवर चालत होते.

शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. तरी माणूस तिथे जगतो, कारण शरीर आठवडेच्या आठवडे त्याची तयारी करत आलेलं असतं. श्वास खोल आणि जलद होतो. मूत्रपिंडांतून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त स्रवतं आणि लाल पेशी वाढतात. यात घाई चालत नाही. म्हणून तर दिवसा उंच चढायचं आणि झोपायला खाली यायचं, ही गिर्यारोहकांची जुनी रीत.

पण मला या आकड्यांमागे एक वेगळाच प्रश्न दिसतो. मेंदूला प्राणवायू इतका अपुरा मिळत असेल, तर शिखरावर पोचल्याचा आनंद तरी नीट होत असेल का? अनेक गिर्यारोहकांच्या आठवणींत ते क्षण धूसर आहेत. थकवा, थंडी आणि उतरायची काळजी. मग जिवावर उदार होऊन माणसं तिथे जातात कशासाठी?

जॉर्ज लोवेनस्टाइन या अर्थतज्ज्ञाला हा प्रश्न इतका महत्त्वाचा वाटला की 1999 साली त्यांनी त्यावर शोधनिबंधच लिहिला. माणूस सुख मिळवायला धडपडतो, हे अर्थशास्त्राचं गृहीतक. मोहिमांची वर्णनं वाचावीत तर पानोपानी हाल, कंटाळा आणि भीती. ध्येय पुरं करण्याची ओढ, कौशल्यावरची पकड आणि आयुष्याला अर्थ असावा ही गरज, यांचा हिशेब सुखदुःखाच्या ताळेबंदात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

‘यांना थरार हवा असतो’ हे लोकांचं आवडतं उत्तर. ते मला कधीच पटलं नाही. विमानातून उडी मारणाऱ्यांना थरार हवा असतो, हे खरं. पण वेल्समधल्या बँगर विद्यापीठातल्या मॅथ्यू बार्लो, टिम वुडमन आणि ल्यू हार्डी यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गिर्यारोहकांचं चित्र निराळं निघालं. रोजच्या जगण्यात, विशेषतः नात्यांत, भावनांची सूत्रं आपल्या हातात नाहीत असं त्यांना वाटत असतं. डोंगरावर ती हातात येतात. भीती तिथे स्पष्ट असते, तिचं कारण डोळ्यांसमोर असतं आणि तिच्यावर काहीतरी करता येतं.

आणि हे ‘काहीतरी’ बहुतेक वेळा दोराशी जोडलेलं असतं. चढाई सुरू होण्याआधीचा क्षण पाहा. हार्नेसमधून, म्हणजे कमरेच्या पट्ट्यातून, ओवलेल्या दोराला इंग्रजी आठाच्या आकाराची गाठ मारायची, दोराचं टोक तिच्यातून उलट फिरवून आणायचं, मग जोडीदार बोटाने ती गाठ चाचपतो, ओढून बघतो. तुम्ही त्याचं कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, बंद आहे का ते बघता. दोघं किती का अनुभवी असेनात, हे चुकत नाही. आजचा नायलॉनचा दोर पडणाऱ्याचा झटका स्वतः ताणून सोसतो. पूर्वी तशी सोय नव्हती. 1865 साली आल्प्समधल्या मॅटरहॉर्नच्या पहिल्या यशस्वी चढाईनंतर उतरताना एकजण घसरला, दोर तुटला आणि चौघे गेले.

याउलट घडलं ते 10 ऑगस्ट 1953 रोजी, के-2 या जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावर. आजारी साथीदार आर्ट गिल्कीला दोरावरून खाली आणताना एकाचा पाय घसरला, दोर एकमेकांत गुंतले आणि पाच जण उतारावरून कोसळू लागले. वर पीट शोनिंगने खडकामागे बर्फाची कुऱ्हाड रोवली होती आणि दोर अंगाभोवती घेतला होता. त्या एकट्याने सगळ्यांना तोलून धरलं. गिल्की मात्र त्याच दिवशी गेला. मोहिमेला शिखर मिळालं नाही. तरीही गिर्यारोहक ही गोष्ट कितीतरी यशस्वी मोहिमांपेक्षा जास्त आदराने सांगतात. शोनिंगची ती कुऱ्हाड आज संग्रहालयात आहे.

1933 साली ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ एव्हरेस्टवर साडेआठ हजार मीटरच्या आसपास एकटाच होता, ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय. जोडीदार मागे फिरला होता. तरी आपल्याबरोबर कुणीतरी चालतंय, असं त्याला सतत जाणवत होतं. असा भास प्रयोगशाळेतही निर्माण करता येतो. मेंदूशास्त्रज्ञ ओलाफ ब्लांके यांच्या गटाने 2014 मध्ये डोळे बांधलेल्या लोकांच्या हातांची हालचाल यंत्रामार्फत त्यांच्याच पाठीवर उमटवली, पण अर्ध्या सेकंदाच्या उशिराने. थोड्याच वेळात काहींना मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटू लागलं. शरीराच्या जाणिवा जुळवताना मेंदू गोंधळला, की स्वतःचीच चाहूल परक्याची वाटते.

स्माइथच्या मेंदूने मात्र नुसता परका उभा केला नाही. त्या अदृश्य सोबत्याशी आपण दोराने बांधलेले आहोत आणि पाय घसरला तर तो आपल्याला धरेल, असं त्याला वाटत होतं. खायला थांबला तेव्हा त्याने खिशातली पेपरमिंटची वडी काढली, तिचे दोन तुकडे केले आणि एक द्यायला तो मागे वळला.