म्हातारे प्राणी आणि मायटोकाँड्रियाचा डीएनए : नमुना देण्यापूर्वी वाचावे

कुत्र्यामांजरांचे नमुने आमच्याकडे तपासणीसाठी देणारे ग्राहक एक प्रश्न वारंवार विचारतात : मायटोकाँड्रियातील डीएनए तपासून प्राण्याचे वय, किंवा त्याचे शरीर आतून किती थकले आहे, हे सांगता येईल का? ते सांगता येत नाही, म्हणून त्या कारणासाठी आम्ही ही तपासणी करत नाही. त्यामागचे शास्त्रीय कारण ग्राहकांना समजावे, यासाठी हे माहितीपत्रक.

मायटोकाँड्रिया पेशीला ऊर्जा पुरवतात आणि केंद्रकातील डीएनएखेरीज त्यांचा स्वतःचा, वर्तुळाकार डीएनए असतो. सस्तन प्राण्यांत त्याची लांबी सुमारे १६ ते १७ हजार बेस-जोड्या (बेस म्हणजे डीएनएची 'अक्षरे') असते, त्यावर ३७ जनुके असतात आणि पिलाला तो आईकडून मिळतो. एकेका पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती असतात; पुढचा सारा गुंता या संख्येमुळे होतो.

'नुकसान' आणि 'उत्परिवर्तन' हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. ऑक्सिडीकरणाने एखादा बेस बिघडला किंवा धागा तुटला, तर ते नुकसान होय. पेशी ते दुरुस्त करू शकते किंवा ती प्रतच मोडीत काढू शकते. उत्परिवर्तनात मात्र अक्षरक्रमच बदलतो, आणि दोन्ही धाग्यांवर बदल पक्का झाला की दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेला त्यात चूक दिसतच नाही. डेनहॅम हार्मन यांनी १९५६ साली मुक्तमूलकांमुळे, म्हणजे पेशीत तयार होणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंमुळे, वार्धक्य येते असा सिद्धान्त मांडला आणि १९७२ साली त्यात मायटोकाँड्रियांना मध्यवर्ती स्थान दिले. प्राण्यांसाठीच्या कितीतरी 'अँटिऑक्सिडंट' पुड्या आजही त्याच सिद्धान्ताच्या जोरावर खपतात.

२००४ साली स्वीडनमधील आणि २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी असे उंदीर तयार केले, की ज्यांच्या मायटोकाँड्रियातील डीएनएची नक्कल करणारे विकर (एन्झाइम) आपल्या चुका तपासू शकत नव्हते. या उंदरांचे केस पिकले आणि गळले, पाठीला पोक आले, हाडे ठिसूळ झाली, रक्तक्षय झाला, आणि त्यांतले बरेचसे सुमारे वर्षभरातच दगावले. एरवी प्रयोगशाळेतला उंदीर दोन वर्षे सहज जगतो. तरीही त्यांच्यात मुक्तमूलकांचे प्रमाण फारसे वाढलेले आढळले नाही. दुसरीकडे, ज्या उंदरांत या विकराच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच सदोष होती, त्यांच्यात बिंदू-उत्परिवर्तने (एकेका अक्षराचे बदल) नेहमीच्या शेकडो पट असूनही अकाली वार्धक्य दिसले नाही, असे २००७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे नुसता आकडा मोठा असून भागत नाही.

तो बदल कुठे साचला आहे, हे पाहावे लागते. म्हाताऱ्या घुशी-उंदरांच्या व ऱ्हिसस माकडांच्या स्नायूंत एखाद्या तंतूच्या छोट्याशा भागात तुकडा गळालेल्या डीएनएच्या प्रती बेसुमार वाढतात, तिथे ऊर्जानिर्मिती बंद पडते आणि तंतू नेमका तिथेच बारीक होतो. शेजारचा तंतू मात्र धडधाकट असतो. सदोष प्रती साधारण ६० ते ९० टक्क्यांवर गेल्याशिवाय पेशीचे काम सहसा बिघडत नाही. संपूर्ण ऊतीची सरासरी काढली, की असे विखुरलेले बिघाड त्यात बुडून जातात, आणि गालाच्या आतून घेतलेल्या बोळ्यावरून मांडीच्या स्नायूचे काही कळण्याची तर आशाच नको.

मांजरांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मांजराच्या मायटोकाँड्रियातील डीएनएचा जवळपास अर्धा भाग पूर्वीच केव्हातरी केंद्रकात शिरला असून तिथे तो ३८ ते ७६ वेळा ओळीने पुनरावृत्त झालेला आहे, हे १९९४ साली उघड झाले. ही जुनी नक्कल चाचणीत चुकून वाचली गेली, तर निरोगी मांजरातही उत्परिवर्तने असल्याचा भास होतो. त्यामुळे मांजराच्या नमुन्याला आमच्याकडे जास्त दिवस लागतात.

स्नायूचा नमुना पाठवणाऱ्या पशुवैद्यकांनी तो ताबडतोब गोठवावा. डीएनए वेगळा काढतानाही ऑक्सिडीकरण होऊ शकते, आणि फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या ऊतीत तर मुळात नसलेले बदल दिसू लागतात; असे नमुने उत्परिवर्तनाच्या तपासणीसाठी आम्ही स्वीकारत नाही.