धाकट्याला वाढदिवसाची सायकल: दुकानात येण्याआधी वाचा

धाकट्या भावाला किंवा बहिणीला वाढदिवसाला सायकल द्यायची, आणि तीही पत्ता लागू न देता, असं ठरवून बरेच ताई-दादा आमच्याकडे येतात. पुष्कळदा पहिल्या पगाराचे पैसे असतात. 'वय किती?' या प्रश्नाला उत्तर लगेच मिळतं, 'उंची किती?' म्हटलं की गडबड होते. सायकल मात्र वयावर नाही, उंचीवर ठरते.

सायकलचा नंबर म्हणजे चाकाचा इंचातला व्यास. साधारण १०० ते ११५ सेंटिमीटर उंचीला १६ नंबर, ११५ ते १३० ला २०, १३० ते १४५ ला २४ आणि त्यापुढे २६. पण सारख्या उंचीच्या दोन मुलांचे पाय सारखे लांब नसतात. म्हणून एक माप गुपचूप घेऊन या. दोरीवरची त्याची शाळेची फुलपँट काढा, आतल्या शिवणीला जांघेपासून खालच्या काठापर्यंत टेप लावा, आणि पँट आखूड झाली असेल तर तेवढे सेंटिमीटर वाढवा. इथे आम्ही सीट सगळ्यात खाली करून जमिनीपासून मोजतो. नव्याने शिकणाऱ्यासाठी सीट तुमच्या मापापेक्षा उंच नको; बसल्यावर दोन्ही पावलं टेकली पाहिजेत. चालवता येत असेल तर चवडे टेकले तरी पुरे.

'थोडी मोठीच द्या, अजून दोन-तीन वर्षं जाईल' हे आम्ही रोज ऐकतो. शर्ट वाढत्या अंगाचा घेतला तर बाह्या दुमडता येतात, सायकलची दांडी दुमडता येत नाही. मोठ्या सायकलवर ब्रेक मारला की पाय पोचत नाही, मूल दांडीवर आदळतं, धसका घेतं आणि सायकल जिन्याखाली धूळ खात पडते. बेताच्या मापाची घेतलीत तरी सीट आणि हँडल वर चढवून दोनेक वर्षं निघतात. सीटच्या नळीवर बारीक खूण असते, ती बाहेर दिसेल इतकी मात्र नळी ओढू नका.

आता शॉकअप, डिस्क ब्रेक आणि जाड टायर. मुलांना हे तिन्ही हवं असतं आणि आम्ही ते विकतोही. तरी सांगतो: २० नंबरची साधी स्टीलची सायकलसुद्धा बारा किलोच्या आसपास भरते आणि चालवणारा असतो वीस-बावीस किलोचा. त्यात मागे-पुढे शॉकअप आले की चढावर उतरून ढकलायची वेळ येते. २४ नंबरच्या आत गिअरचीही गरज नाही. मडगार्डशिवाय सायकल ऐटबाज दिसते खरी, पण जूनमध्ये चिखलाचा पट्टा शाळेच्या शर्टाच्या पाठीवर उठतो.

घरात तुमचीच जुनी सायकल असेल तर आधी ती आणून दाखवा. फ्रेम सरळ असेल तर टायर-ट्यूब, ब्रेकचे शू, केबल बदलून, बेअरिंगला नवं ग्रीस भरून ती नव्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत उभी राहते. मात्र धाकट्यांना दप्तरापासून स्वेटरपर्यंत सगळं उतरलेलंच मिळतं, तेव्हा रंग तरी त्याच्या आवडीचा मारू. चेनकव्हरवर नाव रंगवून देतो, पण शाळेतलं नाव सांगा. 'बबड्या' लिहिलेली सायकल सहावीतला मुलगा गल्लीबाहेर नेत नाही.

शिकायचंच असेल तर साइडची चाकं लावण्याऐवजी थोडे दिवस दोन्ही पॅडल काढून ठेवा, सीट खाली करा आणि पायांनी ढकलत फिरू द्या. तोल त्यातून लवकर येतो. डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं. नेहमीच्या दिशेने जोर लावलात तर ते सुटण्याऐवजी आवळत जाईल.

सायकल आदल्या संध्याकाळी न्या आणि सकाळपर्यंत शेजाऱ्यांकडे ठेवा. कागदात गुंडाळायच्या भानगडीत पडू नका. औक्षणाबरोबर सायकललाही हळदकुंकू लावाल, ते हँडलला लावा. रिमवर ब्रेक घासतो तिथे तेलाचा हात नको. हार घातलात तर पहिल्या फेरीआधी काढा, तो चेनमध्ये जातो.

पहिल्या महिन्यात स्पोक बसतात, केबल ताणून ब्रेक सैल होतात. ते आवळणं आणि चाकाचा आउट, म्हणजे फिरताना चाक डुगडुगतं ते, काढणं महिन्याभराने एकदा फुकट करून देतो, फक्त बिल आणा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तो बिलात बघून घ्या. पॅडलच्या धुऱ्याखाली ठोकलेला फ्रेम नंबरही बिलावर लिहून घ्या. सायकल चोरीला गेली तर पोलीस तोच विचारतात.

माप चुकलंच तर आठ दिवसांत बदलून देऊ, पण टायरला रस्त्याची माती लागलेली नसेल तरच. तेव्हा पहिल्यांदा त्याला घरातच, फरशीवर बसवून बघा.