इनलाइन पंप आणि रोटरी पंप: एकाचा नियम दुसऱ्याला लावला की काय होतं

पुण्याकडून भरून येणारी गाडी खंबाटकीच्या चढाला दम टाकायला लागली, लोड घेईना, धूर वाढला, की 'पंप गेला' (इंजिनाला डिझेल पोचवणारा पंप) हे निदान ठरलेलं. उसाचा हंगाम तोंडावर आला की साताऱ्यापासून सांगली-मिरजेपर्यंत पंपवाल्यांकडे रांग लागते ती यामुळेच. पंप बदलला जातो, पण गाडी कधी पांढरा धूर ओकते, कधी ठोके मारते, कधी चालूच होत नाही. मग नव्या पंपावर खापर फुटतं. खरं कारण बहुधा वेगळं असतं. मिस्त्रीचा हात इनलाइन पंपावर बसलेला असतो आणि गाडीवर असतो रोटरी, किंवा याच्या उलट.

दोन्ही पंपांचं काम एकच. ठरलेल्या वेळी, मोजून, प्रचंड दाबाने नोझलला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाला) डिझेल पोचवायचं. दोन्ही इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतात, आणि जुन्या गाड्यांवर दोन्हींच्या अंगावर 'मायको' लिहिलेलं सापडतं. (बेंगळुरूची ही कंपनी १९५१ ची. २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, तरी गॅरेजमध्ये अजून मायकोच म्हणतात.) साम्य इथे संपतं.

ओळखायला सोपं आहे. इनलाइन पंप लांबट असतो. वर डिलिव्हरी होल्डर (नोझलच्या पाइपा जोडायची तोंडं) एका रांगेत, जितके सिलिंडर तितके, आणि शेपटाला गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाचा, डबा. सहा सिलिंडरचा पंप पंधरा-वीस किलोंचा भरतो, उतरवताना दोघं लागतात. रोटरी आखूड, पाच-सहा किलोंचा, आणि त्याच्या मागच्या गोल डोक्यातून पाइप वर्तुळात निघतात.

आतली रचना लक्षात घेतली तर पुढचे सगळे फरक आपोआप कळतात. इनलाइनमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र एलिमेंट (डिझेल ढकलणारा प्लंजर, म्हणजे दट्ट्या, आणि त्याची नळी) असतं आणि त्याखालचा कॅमशाफ्ट इंजिन ऑईलवर चालतो. रोटरीत एकच प्लंजर फिरत फिरत सगळ्या सिलिंडरना पाळीपाळीने डिझेल वाटतो, आणि त्याच्या आतल्या प्रत्येक भागाचं वंगण म्हणजे तेच डिझेल.

म्हणून पहिला फरक ऑईलचा. इनलाइन पंप दुरुस्त होऊन येतो तो बहुधा कोरडा. त्याला इंजिनाकडून ऑईलची पाइप येत असली तरी पहिल्या काही क्षणांत ऑईल पोचत नाही, आणि कॅम-टॅपेट घासायला तेवढा वेळ पुरतो. बसवल्यावर गव्हर्नरच्या बाजूच्या प्लगमधून स्वच्छ इंजिन ऑईल भरायचं. कमिन्स बी मालिकेच्या इंजिनावर आरएसव्ही गव्हर्नर असेल तर साधारण ४५० मिली, आरक्यूव्ही असेल तर साधारण ७५० मिली. रोटरीत मात्र ऑईलचा थेंबही घालायचा नाही. गाळलेलं डिझेल रिटर्नच्या (जादा डिझेल टाकीकडे परत जातं त्या) भोकातून काठोकाठ भरायचं आणि शाफ्ट हाताने दोन-तीन फेरे फिरवून पाहायचा. कोरड्या रोटरीवर सेल्फ मारत बसणं म्हणजे नव्या पंपाचं आयुष्य पहिल्याच दिवशी कमी करणं.

सगळ्यात जास्त घोळ टायमिंगमध्ये होतो. सुरुवात दोन्हीकडे सारखीच, एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणायचा. सहा सिलिंडरच्या इंजिनात सहा नंबरचे, चार सिलिंडरमध्ये चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील आणि एक नंबरचे दोन्ही टॅपेट मोकळे असतील, तर एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे. नुसती फ्लायव्हीलची खूण जुळवून थांबलात तर पंप निम्मा फेरा चुकू शकतो, कारण ती खूण दोन फेऱ्यांत दोनदा समोर येते.

इथून पुढे वाटा वेगळ्या होतात. इनलाइनला थेंबाचं टायमिंग. एक नंबरचा डिलिव्हरी होल्डर खोलून आतला व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढायची, होल्डर परत लावून वर वाकडी नळी बसवायची. स्टॉप लिव्हर मोकळी, अॅक्सिलरेटरची लिव्हर फुल्लवर. डिझेल चालू केलं की नळीतून धार येते. इंजिन चालायच्या दिशेने हळूहळू फिरवत न्यायचं. धार बारीक होते, मग तुटून थेंब पडायला लागतात, दोन थेंबांतलं अंतर वाढत जातं. थेंब थांबतो तिथे एलिमेंटचं तोंड बंद झालेलं असतं, म्हणजे पंप डिझेल ढकलायला लागला. त्या क्षणी फ्लायव्हीलचा काटा टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) आधीच्या अंशावर, इंजिनाच्या प्लेटवर दिलेल्या आकड्यावर असायला हवा. पुढे निघून गेलात तर तेवढंच मागे आणून भागत नाही, गिअरमधली ढिलाई चुकीचं माप देते. पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढूनच यायचं. आणि काढलेला व्हॉल्व्ह-स्प्रिंग परत बसवायला विसरायचं नाही.

रोटरीला थेंब चालत नाही, तिथे डायल गेज लागतो. डोक्याच्या मधोमध, पाइपांच्या घेऱ्यात एक प्लग असतो, तो काढून गेज बसवायचा आणि सुमारे २ मिमी दाब द्यायचा. इंजिन उलटं फिरवत काटा सगळ्यात खाली जाऊन स्थिर होईपर्यंत न्यायचं आणि तिथे शून्य करायचं. मग सुलटं फिरवत थेट टीडीसीच्या खुणेवर यायचं आणि प्लंजर किती उचलला (म्हणजे लिफ्ट) ते वाचायचं. हा आकडा साधारण १ मिमीच्या आसपास असतो, पण इंजिनागणिक बदलतो आणि ०.०५ मिमीचा फरकही जाणवतो. कोल्ड स्टार्टची लिव्हर ओढलेली राहिली तर माप खोटं येतं.

फरक नीट पाहा. इनलाइनला इंजिन टीडीसीच्या आधी थांबतं, रोटरीच्या या पद्धतीत बरोबर टीडीसीवर. इनलाइनच्या सवयीने रोटरी इंजिनही टीडीसीच्या आधी थांबवून लिफ्ट जुळवली, तर टायमिंग तितकंच पुढे सरकतं आणि इंजिन ठोके मारतं. बॉडी सरकवताना नियम दोन्हींना एकच: शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेला वळवली तर टायमिंग लवकर, त्याच दिशेला वळवली तर उशिरा. पंपाचा १ अंश म्हणजे क्रँकचे २ अंश, त्यामुळे बोल्टच्या खाचेत सरकवायचं ते केसभरच.

लॉक पिनांकडेही लक्ष हवं. कमिन्स बी वरच्या पी टाइप इनलाइनला टेपर (निमुळता) शाफ्ट असतो, त्यावर गिअर अडकवणारी 'की' (चावी) नसते. टेपर आणि गिअरचं भोक पूर्ण कोरडं पुसल्याशिवाय नट आवळला तर लोडवर गिअर सरकतो आणि टायमिंग हलतं. त्याच्या गव्हर्नरमधली टायमिंग पिन काम झाल्यावर उलटी करून प्लगखाली ठेवायची असते. ती तशीच अडकवून सेल्फ मारला तर पिन तुटते. रोटरीला बाजूला शाफ्ट पकडणारा लॉक स्क्रू असतो, तो सैल करून खालचा खास वायसर परत लावायचा. पंप ओढून काढताना रोटरीची 'की' टायमिंग केसमध्ये पडली, तर ती सापडेपर्यंत पुढचं काम थांबवा.

रोटरीचा आणखी एक फसवा भाग म्हणजे रिटर्नचा बॅन्जो बोल्ट (आतून पोकळ, डिझेल जाऊ देणारा बोल्ट). डोक्यावर 'आऊट' कोरलेलं असतं आणि आत अगदी बारीक भोक. इनलेटचा बोल्ट बाहेरून हुबेहूब तसाच दिसतो. दोन्ही बदलले गेले तर पंपात दाबच उभा राहत नाही, गाडी चालू होत नाही किंवा झाली तरी ओढत नाही. चांगला पंप निव्वळ या एका बोल्टापायी परत बेंचवर जातो. सोलेनॉइडही (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) पाहून घ्या: २४ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टचा लावला तर जळतो.

एकच सिलिंडर मिस मारत असेल तर इनलाइनमध्ये त्या एलिमेंटवर संशय रास्त आहे. रोटरीत प्लंजर एकच, तो बिघडला तर त्रास सगळ्यांना होईल. तिथे आधी नोझल, पाइप आणि त्या आऊटलेटचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह तपासा. पाइप जोडताना फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) प्लेटवरून वाचा. सहा सिलिंडरमध्ये कुठे १-५-३-६-२-४ तर कुठे १-४-२-६-३-५ असते.

हवा काढताना इनलाइनला सोपं पडतं. फीड पंप त्याच्याच अंगावर असतो, हॅन्डपंप मारून आधी फिल्टरचा आणि मग पंपाचा ब्लीडर (हवा सोडायचा स्क्रू) बुडबुडे थांबेपर्यंत सोडायचा. रोटरीत हवा रिटर्नमधून निघते, हॅन्डपंप बहुधा फिल्टरवर असतो. दोन्हीकडे शेवटी नोझलचे नट सैल करून सेल्फ मारायचा, एका वेळी १५-२० सेकंद, मध्ये स्टार्टरला विश्रांती. उडणाऱ्या धारेपुढे हात नेऊ नका. या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण आतून हात सडू शकतो. तसं झालं तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

भेसळीचं डिझेल रोटरीला आधी मारतं. रॉकेल मिसळलं की वंगणच पातळ झालं. पाण्याचंही तेच. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या पुरासारखी वेळ आली आणि गाडी पाण्यात उभी राहिली, तर सेल्फला हात लावण्याआधी टाकी आणि फिल्टर रिकामे करा. इनलाइनचं ऑईल काढून पाहा, दुधाळ निघालं तर कॅमपर्यंत पाणी गेलंय. रोटरीत असं तपासायला ऑईल नाही, म्हणून तो पूर्ण उतरवून बेंचवरच खोलावा लागतो.