मोटर ड्रायव्हर: चालू करंट पाहून निवडू नका

ब्रशवाल्या डीसी मोटरला करंट पुरवणारं सर्किट म्हणजे ड्रायव्हर. तो निवडताना 'मोटर चालताना ०.३ अँपिअर घेते, म्हणजे १ अँपिअरचा ड्रायव्हर भरपूर झाला' असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. मीटरवरचा आकडा खरा असतो, म्हणून तो पटतोही. पण तो मोकळ्या फिरणाऱ्या मोटरचा आहे. फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते आणि करंट रोखून धरते. थांबलेल्या मोटरमध्ये हा उलटा व्होल्टेज नसतो, उरतो फक्त वाइंडिंगचा (आतल्या तारेच्या गुंडाळीचा) रोध. म्हणजे दर वेळी सुरू होताना आणि चाक अडकल्यावर करंट व्होल्टेज भागिले रोध इतका चढतो.

तपासणं सोपं आहे. शाफ्ट पक्कं धरून मोटरला १ व्होल्ट द्या, सेकंदभरच, आणि करंट मोजा. ०.४ अँपिअर आला तर रोध २.५ ओहम, १२ व्होल्टवर ४.८ अँपिअर! शाफ्ट थोडं फिरवून तीन-चारदा मोजा, सर्वांत मोठा करंट धरा. (मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर थेट रोध मोजू नका, ब्रशचा, म्हणजे फिरत्या भागाला करंट पोचवणाऱ्या तुकड्यांचा, संपर्क फसवतो.)

ड्रायव्हर एवढा करंट सतत सोसणारा हवा, किंवा करंट-लिमिट असलेला, म्हणजे ठरलेल्या मर्यादेवर करंट रोखणारा. पूर्ण वेगात एकदम उलट फिरवलं तर करंट जवळपास दुप्पट होतो, आधी थांबवा. जादा अँपिअरच्या ड्रायव्हरने मोटर जळत नाही, ती हवा तेवढाच करंट ओढते.